तिरंग्याच्या रंगांची वाटणी

(स्वातंत्र्यदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



आजच्या विषयाची सुरुवात मी माझ्याच घरातल्या एका प्रसंगाने करणार आहे. माझी नात चौथीत शिकते. मागच्या वर्षी ऑगस्ट महिन्यात ती वहीत राष्ट्रध्वजाचे चित्र काढीत बसली होती. चित्र सुरेख होते. पट्टे सरळ होते, आऱ्याही तिने मोजून चोवीस काढल्या होत्या. पण प्रत्येक पट्ट्यासमोर बाण काढून तिने एकेक शब्द लिहिला होता. केशरी पट्ट्यासमोर ‘हिंदू’, हिरव्यासमोर ‘मुसलमान’ आणि पांढऱ्यासमोर ‘बाकीचे सगळे’. हे तिला कोठून मिळाले, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, “सगळ्यांना माहीत आहे ते.” आणि मग थोडा विचार करून तिने मलाच विचारले, “आजोबा, पण मग हे चक्र कोणाचं?”

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकविला. तरीही या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देणे मला जमले नाही. चक्र कोणाचे, हे सांगावयाचे तर रंगांची ही वाटणी कोणी केली, कोणी मोडली आणि मोडूनही ती आपल्या मनातून का गेली नाही, हे सारेच सांगावे लागते. आजचे व्याख्यान म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

ध्वज ही आपल्याला परक्यांनी दिलेली वस्तू नव्हे, हे तुम्हांला वेगळे सांगावयास नको. महाभारताच्या रणांगणावर प्रत्येक महारथी दुरून ओळखू येई तो त्याच्या ध्वजावरून. अर्जुनाचा कपिध्वज, भीष्मांचा तालध्वज, द्रोणाचार्यांच्या ध्वजावरील वेदी आणि कमंडलू ही सारी वर्णने तेथे आहेत. विदिशेजवळ बेसनगरला हेलिओडोरस नावाच्या यवन राजदूताने वासुदेवाप्रीत्यर्थ उभारलेला स्तंभ आजही उभा आहे आणि त्यावरील लेखात त्या स्तंभाला ‘गरुडध्वज’ असेच म्हटले आहे. हा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाचा. आपल्याकडे तर शिवछत्रपतींचा भगवा आणि पंढरीच्या वाटेवरची पताका यांचा रंग एकच आहे. पण हे सारे ध्वज देवतेचे, राजाचे, सेनेचे किंवा संप्रदायाचे होते. आसेतुहिमाचल पसरलेल्या साऱ्या प्रजेचा, जिला अजून राज्यच नाही अशा राष्ट्राचा एक ध्वज असावा, ही कल्पना मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. ती जन्माला आली तीच मुळी संघर्षातून.

लॉर्ड कर्झनने १९०५ साली बंगालची फाळणी केली. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमधील सभेत परदेशी मालावर बहिष्काराचा ठराव झाला आणि बरोबर एक वर्षाने, ७ ऑगस्ट १९०६ रोजी, त्याच शहरातील पारशी बागान चौकात हिरवा, पिवळा आणि तांबडा अशा तीन पट्ट्यांचा ध्वज फडकला. मधल्या पट्ट्यावर ‘वंदे मातरम्’, वर कमळे, खाली सूर्य आणि चंद्रकोर अशी त्याची रचना होती. त्याच वर्षी कलकत्त्यास भरलेल्या काँग्रेसच्या प्रदर्शनात भगिनी निवेदितांनी तयार केलेला आणखी एक ध्वज मांडण्यात आला होता. त्यावर वज्राचे चिन्ह होते. बोधगयेच्या यात्रेत पाहिलेल्या वज्राने निवेदितांच्या मनात घर केले होते. दधीचि ऋषींनी लोककल्याणासाठी आपल्या अस्थी दिल्या आणि त्यांतून वज्र घडले, ही कथा त्यांना भारताच्या आत्म्याची खूण वाटे. तो ध्वज पुढे मागे पडला. पण वज्र मागे पडले नाही. स्वतंत्र भारताच्या परमवीरचक्रावर जी चार वज्रे आहेत, ती रेखाटली सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्माने युरोपीय आणि विवाहाने मराठी घरातील या विदुषीने आपली पुराणे मनःपूर्वक अभ्यासली होती. निवेदितांप्रमाणेच त्यांनाही दधीचीच आठवावेत, हा मला नुसता योगायोग वाटत नाही.

आता कलकत्त्याहून आपण थेट जर्मनीतील स्टुटगार्टला जाऊ. ऑगस्ट १९०७ मध्ये तेथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली होती. देशोदेशींचे शेकडो प्रतिनिधी जमले होते. त्यांत मुंबईच्या एका संपन्न पारशी घराण्यातील पंचेचाळीस वर्षांच्या बाई होत्या. त्या मादाम भिकाजी कामा. सोबत सरदारसिंह राणा होते. २२ ऑगस्ट रोजी कामाबाईंनी भारताची व्यथा मांडली आणि बोलता बोलता एक ध्वज काढून परिषदेसमोर फडकविला. परदेशाच्या भूमीवर, परक्यांच्या सभेत, स्वतंत्र भारताचा म्हणून फडकलेला तो पहिला ध्वज. ब्रिटिश प्रतिनिधींनी आक्षेप घेतला आणि भारताच्या स्वातंत्र्याचा ठराव मतास पडलाच नाही. ध्वज मात्र फडकून गेला होता. त्याच्या रचनेचे श्रेय कोणी कामाबाईंना देतात, कोणी स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या लंडन-पॅरिसमधील क्रांतिकारक मंडळाला, कोणी हेमचंद्र दासांना. मला हा वाद फार महत्त्वाचा वाटत नाही. कामाबाई त्यानंतर जवळजवळ तीन दशके मायभूमीबाहेर राहिल्या. १९३५ च्या अखेरीस थकलेल्या, आजारी अवस्थेत त्या मुंबईस परतल्या आणि १३ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला. तो ध्वज पुढे इंदुलाल याज्ञिकांनी भारतात आणला आणि आज तो पुण्याच्या केसरीवाड्यात आहे. पुण्यात जन्म काढलेल्या किती जणांनी तो पाहिला आहे, हे मी विचारीत नाही.

होमरूल चळवळीचा ध्वज मी ओझरताच सांगतो. पाच तांबडे, चार हिरवे पट्टे, सप्तर्षींप्रमाणे मांडलेले सात तारे आणि डाव्या कोपऱ्यात चक्क इंग्रजांचा युनियन जॅक! साम्राज्याच्या छत्राखाली स्वराज्य, ही त्या वेळची मागणी होती आणि तीच त्या कापडावर उतरली होती. चळवळ मोठी होती, ध्वज मात्र लोकांच्या मनात रुजला नाही. ज्याच्या कोपऱ्यात परकीय सत्ता बसली आहे, त्याच्यासाठी लाठी कोण खाईल?

इथून पुढे खरा विषय सुरू होतो.

आंध्रातील मछलीपट्टणजवळच्या भागातील पिंगली वेंकय्या हे एक विलक्षण गृहस्थ होते. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात ते लढले होते, भूगर्भशास्त्र आणि शेती यांचा त्यांचा अभ्यास होता आणि राष्ट्रध्वजाचा ध्यास तर इतका की, १९१६ साली त्यांनी या विषयावर अनेक नमुन्यांसह एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. मार्च १९२१ च्या अखेरीस विजयवाड्यास अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली, तेव्हा गांधीजींच्या सूचनेवरून त्यांनी तांबड्या आणि हिरव्या पट्ट्यांचा, चरखा असलेला ध्वज करून दिला. चरख्याची कल्पना जालंधरच्या लाला हंसराजांची होती. गांधीजींनी मागाहून त्यात पांढरा पट्टा घालावयास सांगितला आणि त्याच एप्रिलमध्ये ‘यंग इंडिया’त त्यामागची भूमिका स्पष्ट केली. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा अन्य धर्मीयांचा.

म्हणजे माझ्या नातीने वहीत जे लिहिले, ते अगदीच कपोलकल्पित नव्हते. ते एकेकाळी खरेच सांगितले गेले होते, आणि तेही देशातील सर्वांत मोठ्या नेत्याकडून. गांधीजींचा हेतू ऐक्याचाच होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण ज्या क्षणी एका पट्ट्यावर एका समाजाचे नाव लिहिले गेले, त्या क्षणी दुसऱ्या समाजाने आपला पट्टा कोठे आहे, असे विचारणे क्रमप्राप्त होते. आणि तसेच झाले. शिखांनी विचारले, आमचा रंग कोठे? पट्टा वर असावा की खाली, लहान असावा की मोठा, यांवरही भाष्ये होऊ लागली. घर बांधून होण्यापूर्वीच भावाभावांत खोल्यांची वाटणी सुरू व्हावी, तशी ही गत होती. राष्ट्र म्हणजे समाजांची भागीदारी संस्था, प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला, ही कल्पना त्या वाटणीच्या मुळाशी होती. ती कल्पना पुढे आपल्याला किती महाग पडली, हे १९४७ ने दाखविले.

परंतु त्याच वर्षांत दुसरेही काही घडत होते आणि ते आपल्या नागपुरात घडत होते.

मार्च १९२३ मध्ये जबलपूरच्या नगरपालिकेवर चरख्याचा ध्वज लावण्यावरून सरकारशी संघर्ष झाला. पंडित सुंदरलाल तुरुंगात गेले. मग १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, नागपुरात ध्वज घेऊन निघालेली मिरवणूक सिव्हिल लाइन्सच्या वेशीवर अडविण्यात आली. सिव्हिल लाइन्स म्हणजे गोऱ्या साहेबांची वस्ती. त्या रस्त्यावरून हिंदी माणूस पाणक्या म्हणून, माळी म्हणून, शिपाई म्हणून जाऊ शकत होता. खांद्यावर स्वतःचा ध्वज घेऊन मात्र जाऊ शकत नव्हता. १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला. जमनालालजी बजाज अग्रभागी होते. रोज एक छोटी तुकडी ध्वज घेऊन निघे, वेशीपाशी अडविली जाई आणि तुरुंगाची वाट धरी. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. जूनमध्ये जमनालालजी पकडले गेले, तेव्हा गुजरातेतून वल्लभभाई पटेल आले आणि त्यांनी सूत्रे हाती घेतली. बिहार, गुजरात, कर्नाटक, तमिळनाडू अशा दूरदूरच्या प्रांतांतून गाड्या भरून सत्याग्रही नागपूरच्या स्थानकावर उतरत. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान या सत्याग्रहात पकडल्या गेल्या. दीड हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. शेवटी १८ ऑगस्ट १९२३ रोजी ध्वज घेतलेली मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली आणि तिला कोणी अडविले नाही.

बंधू-भगिनींनो, आपण कल्पना करू. मद्रासकडचा एक तरुण, ज्याला ना मराठी येते ना हिंदी, तो नागपूरच्या मे-जूनच्या उन्हात त्या वेशीवर उभा आहे. त्याच्या खांद्यावर तीन रंगांचे खादीचे कापड आहे. त्यातला कोणता पट्टा आपला, याचा हिशेब तो त्या वेळी करीत असेल काय? विजयवाड्याला रंगांना जो अर्थ दिला गेला, त्याहून वेगळा अर्थ नागपूरच्या रस्त्यावर त्याला मिळत होता. तो कोणी लेख लिहून दिला नव्हता.

नागपूरच्या तुरुंगात गेलेल्यांत हुबळीच्या डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकरांच्या सेवा मंडळाचे तरुण होते. तुरुंगात अनेकांचे धैर्य खचले, पण या शिस्तबद्ध तरुणांनी माफी मागितली नाही, याची नोंद काँग्रेसने घेतली आणि त्याच वर्षअखेरीस काकीनाड्याच्या अधिवेशनात हिंदुस्थानी सेवा दलाची स्थापना झाली. ध्वज कसा चढवावा, त्यासमोर कसे उभे राहावे, कशी मानवंदना द्यावी, हे संस्कार देशभर पोहोचविण्यात या सेवा दलाचा मोठा वाटा आहे. डॉ. हर्डीकरांचे नाव लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

२ एप्रिल १९३१ रोजी कराचीत काँग्रेस कार्यकारिणीने ध्वजाविषयीच्या आक्षेपांचा विचार करण्यासाठी सात जणांची समिती नेमली. त्यांची नावे ऐका. सरदार वल्लभभाई पटेल, मौलाना अबुल कलाम आझाद, मास्टर तारासिंग, पंडित जवाहरलाल नेहरू, काकासाहेब कालेलकर, डॉ. हर्डीकर आणि निमंत्रक डॉ. पट्टाभी सीतारामय्या. समितीने प्रांतोप्रांतीची मते मागविली, आलेल्या सूचनांचा अभ्यास केला आणि अहवाल दिला. त्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की, राष्ट्राचा ध्वज वेगळा आणि एकरंगी असावा, आणि या प्राचीन देशाच्या दीर्घ परंपरेशी जुळलेला व सर्वांना अधिक मान्य होईल असा एक रंग निवडावयाचा, तर तो केशरी होय. केशरी ध्वज आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात चरखा, अशी ही शिफारस होती, आणि ती एकमताने होती. सातांत मौलाना आझाद होते, मास्टर तारासिंग होते आणि पंडित नेहरूही होते.

आपल्या मंडळींना ही हकिकत सांगताना मोठा आनंद होतो आणि तो स्वाभाविक आहे. पण आपण बहुतेक वेळा येथेच थांबतो. माझ्या मते या अहवालात केशरी रंगाइतकीच महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. रंग समाजांत वाटून देण्याची पद्धतच या सात जणांनी नाकारली. ‘केशरी हिंदूंचा म्हणून घ्या’ असे त्यांनी म्हटले नाही. तो साऱ्यांचा आहे म्हणून घ्या, असे म्हटले. भगव्याविषयी आपण जे नेहमी म्हणतो, की तो कोणा एका पंथाचा नसून त्यागाचा आणि या भूमीचा रंग आहे, ते खरे मानावयाचे असेल तर त्या रंगाला ‘आमचा पट्टा’ म्हणण्याचा अधिकार आपण सोडावा लागतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणता येत नाहीत.

शिफारस स्वीकारली गेली नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईस भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने तीन रंग ठेवले. पण समितीचे काम वाया गेले असे म्हणता येत नाही. तांबड्याची जागा केशरीने घेतली. तो सर्वांत वर गेला, पांढरा मध्ये आला, हिरवा खाली. आणि ठरावात स्पष्ट म्हटले गेले की, या रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा शांती आणि सत्याचा, हिरवा श्रद्धा आणि वीरवृत्तीचा. विजयवाड्याची वाटणी दहा वर्षांत अधिकृतपणे रद्द झाली. ती लोकांच्या तोंडून मात्र गेली नाही, आणि माझ्या नातीच्या वहीपर्यंत येऊन पोहोचली.

त्यानंतरचे दशक या ध्वजावर रक्ताचे शिंपण करणारे ठरले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शाळकरी मुलांची फेरी निघाली. शिरीषकुमार मेहताच्या हाती ध्वज होता. त्याला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. पोलिसांच्या गोळ्यांनी तो पडला आणि त्याच्याबरोबर त्याचे चार बालमित्रही. त्याच दिवशी साताऱ्याकडे वडूजला कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी असे नऊ जण धारातीर्थी पडले. त्याच महिन्यात आसामात गोहपूरला कनकलता बरुआ आणि बंगालमध्ये तमलुकला सत्तरी ओलांडलेल्या मातंगिनी हाजरा हाती हाच ध्वज घेऊन गेल्या आणि परतल्या नाहीत. पुढल्या वर्षी, ३० डिसेंबर १९४३ रोजी, नेताजींनी अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकविला. ज्या बेटावर आपल्या क्रांतिकारकांनी कोलू ओढला, त्या बेटावर!

आता १९४७. घटना समितीने २३ जून रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली ध्वज समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, राजाजी, कन्हैयालाल मुन्शी हे तिचे सदस्य. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी जुलैत राजेंद्रबाबूंना तार केली. ध्वज भगवा असावा, निदान त्यात भगवा पट्टा तरी असावा आणि चरख्याऐवजी चक्र यावे, हे तिचे सार होते. चरख्याचे दोन्ही बाजूंनी सारखे न दिसणे हीही एक व्यवहारातील अडचण होती. शेवटी सारनाथचे चक्र निश्चित झाले. मौर्य सम्राट अशोकाचा तो सिंहस्तंभशीर्ष १९०४-०५ च्या उत्खननात सापडला होता. सिंहांच्या पायांखालच्या पट्टीवर हत्ती, बैल, घोडा, सिंह आणि त्यांच्या मधोमध चोवीस आऱ्यांची चक्रे कोरलेली आहेत. त्यांतले एक चक्र पांढऱ्या पट्ट्यावर आले.

२२ जुलै १९४७ रोजी पंडित नेहरूंनी ठराव मांडला. खादीचे दोन ध्वज, एक रेशमी आणि एक सुती, त्यांनी सभागृहास दाखविले. हरी विष्णू कामत यांनी चक्राच्या आत स्वस्तिक असावे अशी उपसूचना दिली होती. पण ध्वज प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यांनी ती मागे घेतली. डॉ. राधाकृष्णन यांचे त्या दिवशीचे भाषण ज्यांना मिळेल त्यांनी अवश्य वाचावे. केशरी हा सत्ताधाऱ्यांना निःस्वार्थ विरक्तीची आठवण देणारा, पांढरा सत्याच्या प्रकाशाचा, हिरवा या मातीशी आणि वनस्पतिसृष्टीशी असलेल्या नात्याचा आणि चक्र धर्माचे, गतीचे, असा त्यांनी अर्थ लावला. मुस्लिम लीगचे चौधरी खलिकुज्जमान यांनीही ठरावाला पाठिंबा दिला आणि काही महिन्यांतच ते पाकिस्तानात निघून गेले! इतिहासात असेही विनोद असतात. १४-१५ ऑगस्टच्या मध्यरात्री हंसाबेन मेहतांनी भारतातील स्त्रियांच्या वतीने हा ध्वज सभागृहाला अर्पण केला आणि १६ ऑगस्टला तो लाल किल्ल्यावर चढला.

या निर्णयाने सगळे संतुष्ट झाले काय? मुळीच नाही. चरखा आणि खादी नसेल तर आपण त्या ध्वजाला वंदन करणार नाही, इथपर्यंत गांधीजी बोलले. मूळ ठरावात हे चक्र चरख्याचे प्रतीक म्हणूनच नमूद आहे, हे आपल्याला ठाऊक असावे. दुसऱ्या बाजूला भगव्याचा आग्रह धरणारेही नाराज होते. आपल्या विचाराच्या इंग्रजी साप्ताहिकातून त्या जुलै-ऑगस्टमध्ये तिरंग्यावर कडक टीका झाली. ते छापील आहे आणि ते नाकारण्यात किंवा झाकण्यात काही हशील नाही. विरोधक तेवढेच वाक्य पुन्हा पुन्हा पुढे करतात म्हणून आपण गप्प बसतो, हेही बरोबर नव्हे. टीका झाली, हे म्हणावे आणि पुढचेही सांगावे. १५ ऑगस्टला सावरकरांनी आपल्या घरावर भगवा आणि तिरंगा असे दोन्ही ध्वज उभारले. १९४९ साली संघाची घटना लिहिली गेली, तेव्हा राज्याच्या ध्वजाविषयी निष्ठा आणि आदर हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मान्य करूनच भगवा हा संघाचा ध्वज असल्याचे तिच्यात नमूद झाले. आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी राजा वाकणकर, नाना काजरेकर, सुधीर फडके आणि त्यांच्या साथीदारांनी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सोडविले, तेव्हा तेथे चढविला तो तिरंगाच. दुसऱ्या वर्षी १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ गोळी लागून कोसळले. त्यांच्या हातातही तोच होता. या माणसांनी मनातला भगवा काढून टाकला होता, असे मला वाटत नाही. त्यांना दोहोंमध्ये निवड करावी लागली नाही, इतकेच.

आता थोडे अलीकडचे. अनेक वर्षे सामान्य नागरिकाला आपल्या घरावर वर्षातले मोजके दिवस सोडून हा ध्वज लावण्यास मनाई होती. न्यायालयात दाद मागितली गेली, २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता आली आणि जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक ध्वज फडकविणे हा नागरिकाचा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. डिसेंबर २०२१ मध्ये यंत्रावरच्या आणि पॉलिएस्टरच्या कापडालाही अनुमती मिळाली. २०२२ मध्ये रात्रीही ध्वज फडकता ठेवण्याची मुभा झाली आणि त्या ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा लागला. तो देखावा मनोहर होता. तरीही पॉलिएस्टरविषयी माझ्यासारख्या जुन्या माणसाच्या मनात थोडी खंत आहे. खादीचा ध्वज करणे हे सोपे काम नव्हे. सुताची जाडी, कापडाची वीण, रंगाचा पक्केपणा, शिवण, आऱ्यांचे अंतर, सारे काही मानकाप्रमाणे तपासले जाते. मोठ्यात मोठा ध्वज २१ फूट लांब आणि १४ फूट रुंद, लहानात लहान मेजावरचा सहा इंच बाय चार इंच, अशी नऊ मापे ठरलेली आहेत. हे काम आपल्याकडे नांदेडच्या खादी केंद्रात होते आणि त्याहून मोठ्या प्रमाणावर कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीला. तेथील सूतकाम आणि शिवणकाम बहुतांशी स्त्रिया करतात. हुबळी! डॉ. हर्डीकरांची हुबळी. नागपूरच्या तुरुंगात माफी न मागणाऱ्या त्या तरुणांचे गाव.

नातीच्या प्रश्नाचे काय झाले, ते सांगून थांबतो. हे सारे मी तिला एका बैठकीत सांगितले नाही, सांगणे शक्यही नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला गेलो असता तिला केसरीवाड्यात नेले. काचेआडचा तो जीर्ण ध्वज ती बराच वेळ पाहत राहिली. ‘वंदे मातरम्’ तिने अक्षर अक्षर लावून वाचले. मग म्हणाली, “आजोबा, याला चक्र नाही. रंगपण वेगळे आहेत. हा आपलाच का?”

मी म्हटले, “हो, आपलाच.”

“आणि ज्यांनी फडकवला त्या?”

“त्या मुंबईच्या. पारशी होत्या.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. घरी आल्यावर तिने वही काढली आणि पट्ट्यांसमोरचे तिन्ही बाण खोडरबराने पुसले. चक्रासमोर तिने काही लिहिले नाही. आऱ्या मात्र पुन्हा एकदा मोजल्या.